पानातला हिरवा, रक्तातला लाल

प्रवरेच्या काठच्या कोणत्याही ऊसवाल्याला विचारा, 'केवडा' म्हणजे काय ते तो तत्काळ सांगेल. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा आणि पुढे पांढरा पडतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते विरघळत नाही; मुळांना मिळत नाही. मग शेतकरी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट आणतो. शेणखतात मुरवून देतो किंवा फवारतो. नवी पाने हिरवी होतात.

मला या पिवळ्या पानात निसर्गाची एक विलक्षण काटकसर दिसते. चार कार्बन आणि एक नायट्रोजन यांचे पंचकोनी कडे म्हणजे पायरोल. अशी चार कडी जोडून मोठे चक्र तयार होते. त्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसले की पुढे पानातले हरितद्रव्य होते. लोह बसले की रक्तातले हीम. एक सूर्यप्रकाश पकडते, दुसरे प्राणवायू वाहते. हरितद्रव्यात लोह नसते खरे, पण ते घडवण्याचे काम लोहावाचून अडते. या दोन्ही रेणूंची रचना उलगडणाऱ्या हान्स फिशर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. बी-१२ जीवनसत्त्वाचा गाभाही याच घराण्यातला.

आता तो ऊस तोडणाऱ्या, डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळाच रक्तक्षय लोहाअभावी नसतो. पण लोहाची कमतरता हे त्याचे एक मोठे कारण आहे. तिला दम लागतो, चक्कर येते, पापणीची आतली बाजू फिकट दिसते. आपण म्हणतो, 'थकली असेल.'

लोहाच्या अनेक गोळ्यांत फेरस सल्फेटच असते. अर्थात शेतीचा हिराकस पोटात घ्यायचा नसतो. औषधाची शुद्धता आणि मात्रा निराळी. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू-आवळ्याची जोड द्यावी, एवढे सांगणारे कुणी तरी तिला भेटायला हवे.

सहकारी साखर कारखानदारी ज्या जिल्ह्यात रुजली, त्या अहिल्यानगरकडून माझी अपेक्षा मोठी नाही. गळीत हंगामाच्या आरंभी फडातच प्रत्येक तोडणीवालीचे हिमोग्लोबिन तपासावे. पान पिवळे पडले तर काट्यावर टन घटतात, म्हणून ते आपल्याला दिसते. तिचे फिके पडणे कोणत्याच काट्यावर चढत नाही.