अनुकूलनशील वास्तू व मानवी सुख

जी वास्तू आपल्यातील माणसाची शारीरिक व मानसिक अवस्था ओळखून तपमान, वारा व प्रकाश आपणहून बदलते, तिला अनुकूलनशील वास्तू म्हणता येईल. संवेदकाने मोजावे, संगणकाने अर्थ लावावा आणि पंख्याने वा दिव्याने आज्ञा पाळावी, अशी तिची रचना असते. यांपैकी मोजणे आता सुलभ झाले आहे. खरी अडचण अर्थ लावण्याची आहे. पालघर जिल्ह्यातील मुरबे या किनाऱ्यावरील गावाचा विचार केल्यास ती स्पष्ट होईल.

प्रथम शरीरसुख घेऊ. डॅनिश शास्त्रज्ञ फँगर यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात हवेचे तपमान, भोवतालचे उष्णताप्रारण, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, श्रम व वस्त्रे या सहा घटकांवरून सुखाचे गणित मांडले. त्याचा आधार मुख्यतः अमेरिकन व डॅनिश विद्यार्थ्यांवरील प्रयोग हा होता. पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये भारतीय सूत्र मांडले. त्यानुसार, उघड्या खिडक्यांच्या कार्यालयातील सुखद तपमान म्हणजे बाहेरील गेल्या तीस दिवसांच्या सरासरी तपमानाची ०.५४ पट अधिक १२.८३ अंश होय. बाहेर २८ अंश सेल्सिअस असता आतही सुमारे २८ अंश सुखद वाटतात. तात्पर्य, वास्तूच्या आधी माणूसच अनुकूलनशील आहे. मात्र हे सर्वेक्षण पाच शहरांतील कार्यालयांचे होते. मच्छीमाराचे घर त्यात नव्हते.

भावनांचा प्रश्न याहून बिकट आहे. नाडीची गती व घामामुळे वाढणारी त्वचेची विद्युत्‌वाहकता यांवरून मनाचा क्षोभ ताडला जातो. परंतु जाळे ओढून नुकत्याच घरी आलेल्या मच्छीमाराची नाडी श्रमाने जलद असते आणि समुद्रकाठच्या दमट हवेत त्वचा स्वभावतःच ओलसर राहते. यंत्र त्यास चिंताग्रस्त ठरवील. तो कदाचित चांगल्या मासळीमुळे आनंदित असेल.

घरात अशा चुकीने फार तर दिवा मंद होईल. पण जवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी हेच अनुमान कामगाराविषयी मालकाच्या हाती पडल्यास त्याच्या रोजगाराचा प्रश्न उद्भवेल. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने कामाच्या जागी भावनांचे असे अनुमान काढणाऱ्या यंत्रणांना, वैद्यकीय व सुरक्षाविषयक हेतू वगळता, मनाई केली असून ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे.

म्हणून अशा वास्तूच्या रचनेत दोन नियम पाळणे इष्ट होय. सुखाचे प्रमाण तेथे राहणाऱ्यांना विचारूनच ठरवावे. आणि यंत्राने सुचवावे, पण खिडकी उघडण्याचा व यंत्र बंद करण्याचा अधिकार माणसाकडेच असावा.