आगटीतला हुरडा

ज्वारीचे हिरवे कणीस गोवऱ्यांच्या आरात भाजून, गरम असतानाच हातावर चोळून काढलेले कोवळे दाणे म्हणजे हुरडा. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या अहिल्यानगर-सोलापूर पट्ट्यात थेट आगीवर भाजून खाण्याची जी जुनी रीत आहे, तिचे हे सर्वांत रेखीव रूप. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला वसलेला वैजापूर तालुका याच पट्ट्यात येतो. दक्षिणेला गोदावरी, पाऊस बेताचा, खरिपात बाजरी, कापूस आणि मका, आणि काळ्या जमिनीत ओल टिकली तर रब्बीची ज्वारी. वैजापूरवरून नाशिककडे आणि छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर डिसेंबर-जानेवारीत ‘गरम हुरडा’ अशा पाट्या दिसू लागतात. त्या पाटीमागे असतो पत्र्याचा किंवा कडब्याचा आडोसा, चार बाजा आणि जमिनीत खणलेली आगटी.

या पदार्थात शिजवणाऱ्याच्या कौशल्याइतकेच पिकाचे वय महत्त्वाचे. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात होते. दाण्यात आधी पातळ दूध भरते, मग त्याचा घट्ट चीक होतो, आणि शेवटी दाणा टणक व पांढरा पडतो. हुरडा धरायचा तो चिकाच्या अवस्थेत. या वेळी दाण्यातली सगळी साखर पिठूळ स्टार्चमध्ये बदललेली नसते, म्हणून गोडी असते. पाणीही पुरेसे असते, म्हणून भाजताना दाणा आतल्या आत वाफेवर शिजतो. जाणता शेतकरी दाणा नखाने दाबून पाहतो. पांढरे पाणी उडाले तर कणीस लवकर खुडले, नख रुतलेच नाही तर उशीर झाला. एका पेऱ्याला ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस मिळते. म्हणूनच हुरड्यासाठी मुद्दाम ज्वारी करणारे शेतकरी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पट्टे पेरतात, म्हणजे महिना-दीड महिना कणसे मिळत राहतात.

प्रत्येक ज्वारीचा हुरडा होत नाही. भाकरीची राणी मानली जाणारी मालदांडी, म्हणजे १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण, हुरड्याला चालतो, पण त्याचे तूस दाण्याला चिकटून राहते आणि चोळताना हात दुखतात. हुरड्याचे खरे वाण वेगळे: सुरती, गूळभेंडी, कुचकुची. यांचा दाणा गोड, मऊ आणि तुसातून अलगद सुटणारा. शेतकरी ते बांधाकडेला दोन-चार ओळी, घरापुरते पेरत आले आणि बी घरीच राखत आले. कृषी विद्यापीठांनी या गुणाकडे उशिरा का होईना लक्ष दिले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले मधुर’ आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचे वाण आहेत. ‘फुले मधुर’चे कणीस साधारण ९५ ते १०० दिवसांत खुडायला येते.

आगटी म्हणजे वीतभर खोल, परातीएवढा खड्डा. त्यात शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवतात आणि ज्वाळ पूर्ण बसेपर्यंत थांबतात. इथे घाई केली की हुरडा बिघडलाच. ज्वाळेवर तूस भस्सकन पेटते, दाणा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. गोवरीचा आर मात्र मंद आणि एकसारखा असतो. वर राखेची साय धरली की उष्णता आणखी सौम्य होते. या राखमिश्रित आरात कणसे दांड्यासह खुपसतात, वरून आर ओढतात आणि दोन-चार मिनिटे उलटसुलट करतात. दाणे तडतडू लागले, हिरव्यावर तपकिरी ठिपके आले आणि भाजल्या दुधासारखा वास सुटला की कणीस बाहेर काढायचे. लाकडाचा किंवा दगडी कोळसा वापरून हे साधत नाही असे नाही, पण गोवरीच्या धुराचा जो हलका वास दाण्यात उतरतो तो त्यात मिळत नाही. गॅसच्या शेगडीवर भाजलेला हुरडा हा फार तर भाजलेली ज्वारी असतो.

चोळणे हेही तितकेच महत्त्वाचे काम. कणीस झटकून राख पाडतात आणि हाताला सोसवेल तितक्या लवकर पोत्याच्या तुकड्यावर किंवा सुपात चोळतात. नंतर पाखडून तूस उडवतात. हे काम अनेक ठिकाणी शेतातल्या बायकाच करतात. तळहात भाजत असताना दाणा फुटू न देता मोकळा करणे ही सरावाची गोष्ट आहे. दाणे ताटात पडले की लगेच खायचे. थंड झाले की ते चिवट होतात. सोबत शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची किंवा कारळाची चटणी, लसूण-मिरचीचा ठेचा, घट्ट दही आणि गुळाचा खडा. शेजारी बोरे, पेरू, उसाची कांडी आणि हरभऱ्याचा टहाळ.

हिरवे धान्य भाजून खाण्याची ही रीत एकट्या ज्वारीची नाही. वैजापूरसारख्या बाजरीच्या मुलखात कोवळ्या बाजरीचे निंबूर भाजतात, गव्हाच्या ओंब्या भाजतात, हरभऱ्याचा हुळा करतात. गुजरातेत सुरतला हाच हुरडा ‘पोंक’ नावाने हिवाळ्यात विकला जातो. तिथे दाणे आधीच वेगळे काढून, शेवेसोबत वजनावर देतात. पश्चिम आशियात हिरवा गहू जाळावर भाजून ‘फ्रीके’ करतात, जर्मनीच्या बाडेन भागात हिरवा स्पेल्ट गहू धुरावर वाळवतात. मात्र या दोन्ही ठिकाणी हेतू साठवणीचा आहे. मराठवाड्याने हुरडा साठवणीसाठी केला नाही, तो आगटीभोवती बसून खाण्यासाठी केला. हल्ली दाणे गोठवून विकतात, त्यांची थालीपिठे आणि वडे बरे होतात, पण तो हुरडा नव्हे.

हुरडा केंद्रावर संध्याकाळी जे जेवण मिळते त्यातही आगीचाच हात असतो. भरताची वांगी त्याच आरात भाजली जातात. मटणाच्या रश्शासाठी कांदा आणि सुके खोबरे थेट निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजून वाटतात; रश्शाचा गडद रंग आणि खमंगपणा यातूनच येतो. घरोघरी कुटला जाणारा येसर, भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले यांचे पीठ, हीसुद्धा भाजण्याचीच करामत. तेल बेताचे वापरून चव आगीतून काढायची, हा या कोरडवाहू मुलखाचा स्वयंपाकातला शहाणपणा आहे.

पूर्वी हुरड्याला किंमत नव्हती. पाखरे राखायला माळ्यावर बसलेला राखणदार गोफण बाजूला ठेवून दोन कणसे भाजून खाई. पाहुणे, सोयरे, गावचे मास्तर यांना ‘हुरडा खायला या’ असे आवतण जाई. पैसे घेणे कमीपणाचे वाटे. शहरातली मंडळी गाड्या काढून येऊ लागली तशी ही पंगत रस्त्याकडेला आली आणि तिला दर लागला. राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाने अशा केंद्रांना नोंदणीची वाटही दिली. या बदलाबद्दल हळहळण्याचे कारण नाही. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस रुपयांच्या आत आहे. हुरड्याला याच्या कित्येक पट दर मिळतो, काढणी-मळणीचा खर्च वाचतो आणि ताटे वैरणीला शिल्लक राहतात. ज्वारी करणाऱ्याच्या हातात बरे पैसे पडण्याचा हा थोड्या मार्गांपैकी एक आहे.

अडचण पिकाचीच आहे. नांदूर मधमेश्वर कालव्याचे पाणी जिथे पोहोचले तिथे ऊस, कांदा आणि मका आले. कोरडवाहू रानात काढणीला मजूर मिळत नाहीत आणि एकट्या पट्ट्यावर पाखरे तुटून पडतात. वैजापूर तालुक्यातूनच जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्यावर वाटेल तिथे गाडी थांबवता येत नाही, म्हणून आगटी जुन्याच रस्त्यांवर राहिली आहे. हुरडा खायचा असेल तर संक्रांतीच्या आगेमागे त्या जुन्या रस्त्यांनी जावे, ज्वारी कोणत्या वाणाची आणि कोणत्या शेतातली हे विचारावे आणि आदल्या दिवशीचे कणीस असेल तर पुढच्या आगटीवर जावे. गूळभेंडीचे बी ज्यांच्या घरी अजून उरले आहे, त्यांनी यंदा चार ओळी तरी पेराव्यात.