फेसवॉशमधले प्लास्टिकचे कण आणि कायदा

चेहरा धुताना काही फेसवॉश हाताला खरखरीत लागतात. तो खरखरीतपणा कधी अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्याचा असतो, तर कधी चक्क प्लास्टिकच्या बारीक मण्यांचा! ५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणांना 'मायक्रोप्लास्टिक' म्हणतात. मुद्दाम बनवून सौंदर्यप्रसाधनात घातलेल्या अशा मण्यांना 'मायक्रोबीड' म्हणतात.

हे कण जातात कुठे?
मोरीतून गटारात आणि गटारातून नदीत. अहिल्यानगर शहराचं सांडपाणी सीनेकडे जातं आणि सीना पुढे सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात बरेच कण गाळात अडकतात. पण तोच गाळ खत म्हणून शेतात टाकला, तर कण मातीत येतात. प्लास्टिक कुजत नाही, म्हणून ते साचतच राहतं.

कायदा काय सांगतो?
अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतले मायक्रोबीड बंद केले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम आणला. त्यात मायक्रोबीडवर लगेच बंदी आली. मात्र लिपस्टिक, नेलपॉलिश यांसारख्या मेकअपच्या वस्तूंना २०३५ पर्यंत मुदत आहे.

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. भारतीय मानक ब्युरोने २०१७ मध्ये मायक्रोबीड हे प्रसाधनांसाठी असुरक्षित घटकांच्या यादीत टाकले. मूळ कायदा १९४० चा, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा. त्याखाली 'सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०' आहेत. राज्यात तपासणीचं काम अन्न व औषध प्रशासनाकडे असतं. आणि २०१८ ची महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी? ती पिशव्या, थर्माकोलची ताटं अशा वस्तूंसाठी आहे, फेसवॉशमधल्या मण्यांसाठी नाही.

आपण काय करायचं?
पाकिटावर घटकांची यादी छापणं बंधनकारक आहे. अक्षरं बारीक आणि इंग्रजीत असतात, म्हणून घरच्यांना तुम्हीच वाचून दाखवा. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन ही नावं दिसली, तर ते प्लास्टिक समजा. दिवाळीत आपण लावतो ते उटणं किंवा मसूरडाळीचं पीठही मळ काढतंच, आणि ते मातीत कुजून जातं.

उपक्रम : घरातल्या तीन प्रसाधनांवरची घटकांची यादी वहीत उतरवा. त्यात वरीलपैकी एखादं नाव सापडलं, तर त्याखाली रेघ मारून वर्गात दाखवा.