राख रंग शोषते, पण ती पिण्याच्या पाण्यात नको
कापड रंगवून उरलेले पाणी नाल्यात गेले की मासे मरतात. काही रंगांमुळे माणसाला कर्करोगाचाही धोका असतो. हा रंग काढायला कारखान्याचाच कचरा कामी येतो. आपल्या बुलढाण्याशेजारी, अकोला जिल्ह्यातील पारसच्या वीजकेंद्रात कोळसा जळून राख उरते. अशी राख कॉस्टिक सोड्यासोबत तापवली की तिच्यापासून बारीक छिद्रांचा पदार्थ बनतो आणि पाण्यातला रंग त्याला चिकटतो.

मात्र हे काम सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे. राखेत शिसे, आर्सेनिक असू शकते. म्हणून ती घरच्या पाण्यात टाकू नका, असे आम्ही बजावून सांगतो. पाणी उकळल्यानेही रंग जात नाही. विहिरीचे, हातपंपाचे पाणी रंगीत दिसले तर पिणे थांबवा आणि ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे तपासणीची लेखी मागणी करा.