इंग्रजी वाक्याचा कर्ता आणि मराठी सर्वनामे

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी पाणलोटाचे काम पाहावयास देशोदेशीचे अभ्यासक येतात. उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून त्यावरून पिके ठरवावयाची, ही तेथील रीत सर्वश्रुत आहे. समजा, अशा सभेत पाहुण्यांसमक्ष कोणी म्हणाले, 'आपण शेतीला बोअर घ्यायचा नाही', तर दुभाष्याने इंग्रजी वाक्याचा कर्ता कोणता योजावा?

सभेस उद्देशून आलेल्या या 'आपण'मध्ये वक्ता व श्रोता दोघेही येतात. म्हणून 'वुई' हेच योग्य. तोच वक्ता पाहुण्याकडे वळून 'आपण कोठून आलात?' असे विचारू लागला की कर्ता 'यू' होतो. पुढे तो 'आम्ही बोअर घेत नाही' असे सांगतो, तेव्हा पाहुणा वगळला जातो. तथापि इंग्रजीत पुन्हा 'वुई'च. श्रोत्यास सामावून घेणारे व वगळणारे असे दोन अनेकवचनी प्रथमपुरुष मराठीप्रमाणेच गुजरातीत ('आपणे' व 'अमे') आणि तेलुगूत ('मनमु' व 'मेमु') आहेत, इंग्रजीत नाहीत. 'आपण पाणी जपले पाहिजे' हे पाहुण्यासही लागू आहे असे दाखवावयाचे, तर नुसता 'वुई' पुरत नाही, 'वुई ऑल' म्हणावे लागते. हे न केल्यास पाहुणा ते वाक्य गावाचा अंतर्गत ठराव समजून वहीत टिपून घेईल.

दुसरी अडचण विभक्तीची. 'मी पाणी मोजले', 'मला पाणी मिळाले', 'माझ्याने चालवत नाही', 'माझ्याकडे दोन विहिरी आहेत' या चारही वाक्यांचा स्वाभाविक इंग्रजी कर्ता 'आय' हाच. मराठी रूपावरून इंग्रजी रूप शोधू जाणारा विद्यार्थी 'मला'साठी इंग्रजी 'मी' योजतो, आणि चुकतो. त्यातही गंमत अशी की, इंग्रजीत जे कर्माचे रूप, तेच उच्चाराने मराठीत कर्त्याचे!

हे साम्य केवळ योगायोगाचे म्हणता येत नाही. मराठी 'मी' हा संस्कृत 'अहम्'पासून नव्हे, तर 'मया' या तृतीयान्त रूपापासून आला. 'अहम्'चा वारसा कोकणी 'हांव' व गुजराती 'हुं' यांनी राखला. इंग्रजी 'आय' त्याच कुळातील. इंग्रजी 'मी' मात्र आपल्या 'मी'प्रमाणे मकारादी अंगाचा. कर्त्याच्या जागी तिर्यक् रूप बसविण्याचे जे काम मराठीने पूर्वीच उरकले, ते इंग्रजी बोलीत अद्याप चालू आहे, 'कोण आहे?' या प्रश्नास इंग्रज माणूसही 'इट्स मी' असेच उत्तर देतो. तेव्हा असा प्रमाद करणाऱ्या विद्यार्थ्यास मंदबुद्धी ठरविणे अन्यायाचे होय.

जोडकर्त्याच्या बाबतीत एक कसोटी उपयोगी पडते. 'हिम अँड मी वेंट' या वाक्यातील एकेक सर्वनाम वेगळे काढून क्रियापदापुढे ठेवावे. 'हिम वेंट' व 'मी वेंट' कानास खटकताच 'ही अँड आय' सुचते. क्रम मात्र उलटावा लागतो. आपण सहजपणे 'मी आणि तो गेलो' म्हणतो. इंग्रजी शिष्टाचारात बोलणाऱ्याने शेवटी उभे राहावयाचे असते.