गावाकडचा दवाखाना – लेखांक ६ : हाताला गुण

मागच्या लेखात आपण सरकारी हिशेब पाहिला. सपाटीवर ३० हजार लोकांमागे आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पेशंटचा हिशेब निराळा असतो आणि तो एका शब्दात मावतो : गुण. ‘त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे’, ‘तिथलं औषध गुणाला येत नाही’.

माझी आजी गावातला दवाखाना ओलांडून एसटीनं तालुक्याला जायची आणि त्याच गोळ्या घेऊन यायची. एकदा मी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून तिला दाखवली. ती म्हणाली, “असतील त्याच. पण त्यानं पोटाला हात लावून बघितलं. इथला मानसुद्धा वर करत नाही.” माझा पुरावा तिथंच आटोपला.

पैशाचं म्हणाल, तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरही मोफत आहे. तरी मजुरीला जाणारी बाई संध्याकाळी खासगी दवाखान्याच्या बाकावर दिसते. सकाळची ओपीडी आणि खुरपणीची वेळ एकच; फुकट उपचार घ्यायला गेलं की रोज बुडतो. संध्याकाळचा डॉक्टर उधारीवरही बघतो, पैसे सुगीला दिले तरी चालतात. ती सुई मागते तीही उद्या कामावर उभं राहता यावं म्हणून. बहुतेक वेळा त्या सुईची गरज नसते, हे खरंच. पण ‘तीन दिवस आराम करा’ म्हणणाऱ्यानं त्या तीन दिवसांची चूल कोण पेटवणार, हे विचारलेलं नसतं.

दवाखान्यात काय हवं, हे आधी लोकांनाच विचारून पुढे गेल्याचं ठळक उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६च्या सुमारास तिथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सरकारी इस्पितळात तुम्ही का जात नाही, असं त्यांनी गोंड आदिवासींना विचारलं. अंतर, औषधं, खर्च अशी उत्तरं येतील असं आपल्याला वाटेल. लोक म्हणाले, त्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. तिथं सगळे पांढऱ्या कपड्यांत फिरतात, आणि पांढरं कापड आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. भाषा कळत नाही. आणि पेशंटला आत ठेवून आम्हाला बाहेर काढतात.

यातली एकही तक्रार आरोग्य खात्याच्या तपासणीच्या तक्त्यात बसली नसती. ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरात मग दवाखाना झाला तो आदिवासी पाड्यासारखा, झोपड्यांचा. पेशंटबरोबर घरच्यांनी राहायचं. नाव कुणा देणगीदाराचं नाही, आदिवासींच्या देवीचं : माँ दंतेश्वरी.

लोकांनी इतकं मोकळं बोलावं, यासाठी विचारणाराही तसाच लागतो. याच जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होतं. पूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे वाक्य पुरुष डॉक्टरसमोर, दाराशी रांग उभी असताना, कुठली बाई बोलेल? ती ‘कंबर दुखते’ म्हणते आणि गोळी घेऊन परत येते. आडोसा आणि ऐकणारी बाई ही तिच्या लेखी औषधाइतकीच मोठी सोय असते.

आता दुसरी बाजू. गुण फसवतोही. पदवी नसलेला माणूस नाडी धरतो, घरातल्यांची चौकशी करतो, रात्री बोलावलं तर येतो. आणि स्टेरॉइड टोचलं की सांधे दोन दिवसांत मोकळे होतात. गाव म्हणतं, काय गुण आहे! पुढं त्याच औषधानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तेव्हा दोष नशिबाला जातो. म्हणून पेशंट म्हणेल ते खरं, असं मी म्हणणार नाही. पण भोंदू जे ओळखतो ते एमबीबीएस झालेल्याला शिकवलं जात नाही, ही तक्रार मी जरूर करीन.

अशा तक्रारी लोकांनाही उघडपणे मांडता आल्या. महाराष्ट्रात २००७पासून सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवण्याची ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली, ती आधी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. जनसुनवाईत अधिकारी समोर बसले आणि गावकऱ्यांनी केंद्रातले अनुभव माइकवर सांगितले. तिथं औषधांच्या तुटवड्याइतकंच ‘आमच्याशी कसं बोलतात’ हेही निघालं.

पुढच्या आठवड्यात सलाइनच्या बाटलीबद्दल. तोवर एक करा : तुमच्या गावात ज्या डॉक्टरच्या किंवा नर्सबाईंच्या हाताला गुण आहे म्हणतात, तिथं बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसा. बाहेर पडणारा पेशंट आधी काय बोलतो ते ऐका आणि मला कळवा.