शाळा निवडताना बोर्डाआधी पाहायच्या गोष्टी

पुण्यात शाळेचा विषय निघाला की गाडी थेट ‘एसएससी की सीबीएसई’वर येते. खरा फरक आधी पैशाचा असतो. महापालिकेच्या शाळा मोफत. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देते, म्हणून फी आवाक्यात राहते. 1880 साली टिळक, आगरकर, चिपळूणकरांनी उभी केलेली न्यू इंग्लिश स्कूल याच परंपरेतली. विनाअनुदानित शाळेचा सारा खर्च मात्र पालकांच्या खिशातून.

तिथेही एक वाट आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा शाळांच्या 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने, फी आठवीपर्यंत माफ. जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्याने 2024 मध्ये केला. उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द ठरवला. आठवीनंतर फीचे काय, हे मात्र आधीच विचारून ठेवावे.

माध्यमात ‘सेमी’ हा आपला खास तोडगा: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. मला तो बऱ्याच घरांसाठी शहाणपणाचा वाटतो. केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल, तर तिथे पहिला मान केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या मुलांना. आणि हो, कोथरूडहून हडपसरला रोज बसने जाणारे सहा वर्षांचे मूल कोणत्याही बोर्डात पेंगणारच.